स्पोर्ट्स कारला एलईडी दिवे : किती प्रकाश, यापेक्षा कुठे प्रकाश

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात 'माझ्दा' या जपानी कंपनीने उघड्या टपाची, दोन आसनांची एक छोटी स्पोर्ट्स कार मांडली. अमेरिकेत ती 'मियाटा' म्हणून, युरोपात 'एमएक्स-५' म्हणून, तर जपानमध्ये 'युनोस रोडस्टर' या नावाने विकली गेली. वजन हजार किलोच्या आगेमागे, इंजिन सुरुवातीला १६०० सीसीचे आणि किंमत सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातली. तिची ओळख ठरली ती मात्र तिच्या दिव्यांमुळे. दिवसा हे दिवे बॉनेटच्या आत झाकलेले असत आणि बटण दाबताच बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येत. १९९७ पर्यंत बनलेल्या या पहिल्या पिढीतील असंख्य गाड्या आजही अमेरिका, ब्रिटन व जपानच्या रस्त्यांवर हौसेने चालवल्या जातात. त्यांचे मालक सर्वप्रथम जे बदल करू पाहतात, त्यांत हे मूळ दिवे काढून एलईडी दिवे बसवण्याचा क्रमांक बराच वरचा आहे.

कारण उघड आहे. तीस वर्षांपूर्वीचा हॅलोजन दिवा आजच्या गाड्यांच्या शुभ्र झोतापुढे मिणमिणता वाटतो. बाजारात एलईडीच्या नावाखाली जे काही मिळते, त्यातले काही उत्तम आहे, काही निरुपयोगी आणि काही समोरून येणाऱ्याच्या जिवावर बेतणारे. हा फरक खोक्यावर छापलेल्या आकड्यांतून कळत नाही.

सात इंचांचे घराणे

मियाटाचा दिवा सात इंच व्यासाचा, गोल आहे. हे माप माझ्दाचे नव्हे. अमेरिकेत १९४० पासून सर्व मोटारींना एकाच मापाचा, काच आणि परावर्तक एकत्र जोडलेला 'सील्ड बीम' दिवा ठरवून देण्यात आला आणि १९५७ पर्यंत तेथे दुसरे मापच नव्हते. पुढे चौकोनी दिवे आले, १९८३ मध्ये बदलता येणाऱ्या बल्बांच्या दिव्यांना परवानगी मिळाली आणि प्रत्येक मॉडेलचा दिवा वेगळ्या आकाराचा होऊ लागला. सात इंची गोल दिवा मात्र जीप रँग्लर, हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकली, ट्रक आणि मियाटासारख्या मोजक्या गाड्यांत टिकून राहिला. या जुन्या मापाचा मियाटाच्या मालकांना अनपेक्षित लाभ झाला. जीप व ट्रकांसाठी मुळापासून एलईडी म्हणूनच घडवलेले पूर्ण दिवे जे. डब्ल्यू. स्पीकर, ट्रक-लाइट यांसारख्या अमेरिकी कंपन्यांनी बाजारात आणले आणि तेच दिवे या स्पोर्ट्स कारच्या खोबणीत बसू लागले. खास आकाराचे दिवे असलेल्या इतर जुन्या स्पोर्ट्स कारना ही सोय नाही. त्यांच्यापुढे उरतो तो केवळ बल्ब बदलण्याचा मार्ग आणि सारा घोटाळा तेथेच आहे.

बल्ब बदलला म्हणजे दिवा बदलला काय?

युरोप व जपानमध्ये विकल्या गेलेल्या सात इंची दिव्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. १९७१ मध्ये आलेल्या या बल्बात दोन तारा असतात : अप्परसाठी ६० वॉटची, डिपरसाठी ५५ वॉटची. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती तारेचा प्रकाश परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू देत नाही. परिणामी प्रकाश केवळ वरच्या अर्ध्या भागावरून परतून खाली, रस्त्याकडे जातो आणि भिंतीवर पाहिले तर वर अंधार, खाली उजेड अशी स्पष्ट सीमारेषा दिसते. वाटीची एक कड तिरकी कापलेली असते. त्यामुळे ही सीमारेषा रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडी वर चढते आणि पायी चालणारा माणूस, मैलाचा दगड किंवा वळण जरा आधी दिसते. अभियांत्रिकीतील ही काटकसर थक्क करणारी आहे. जेमतेम पाच मिलिमीटर लांबीची तार आणि एक वाटी, एवढ्यावर समोरच्या चालकाचे डोळे वाचतात.

या दिव्याचा परावर्तक त्या विशिष्ट जागी असलेल्या, सर्व बाजूंनी प्रकाश फेकणाऱ्या तारेसाठी गणित करून घडवलेला असतो. एलईडी हा चपटा प्रकाशस्रोत आहे. तो एका बाजूलाच प्रकाश टाकतो, म्हणून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बात एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चकत्या चिकटवतात. पट्टीला स्वतःची जाडी असते, चकत्या तारेच्या नेमक्या जागी येत नाहीत आणि दोन्ही अंगांच्या मध्ये अंधारी फट राहते. परावर्तकाला हे ठाऊक नसते. तो आपले जुने गणित पाळत राहतो आणि सीमारेषा फाटते. काही प्रकाश वर उधळला जातो, काही गाडीच्या नाकासमोर साचतो आणि दूरच्या रस्त्यावर, जेथे तो हवा, तेथे कमी पडतो. चालकाला मात्र सारे लख्ख दिसल्याचा भास होतो, कारण जवळची जमीन उजळलेली असते. त्या उजेडाने बाहुल्या आकुंचन पावतात आणि दूरचे अंधूक दिसणे आणखी घटते.

येथे ल्युमेनच्या आकड्यांविषयी सांगणे आवश्यक आहे. एच-४ बल्बचा डिपर प्रमाणित व्होल्टेजला सुमारे एक हजार ल्युमेन प्रकाश देतो. बाजारातील खोक्यांवर दहा हजार, वीस हजार असे आकडे छापलेले असतात. ते खरे असते, तर अशा गाडीसमोर उभे राहणे अशक्य झाले असते. शिवाय ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे माप आहे. तो कोठे जातो याविषयी ते काहीच सांगत नाही. झोत किती सरळ व किती दूर जातो हे कँडेलामध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर क्वचितच आढळतो.

मुळापासून एलईडीसाठी घडवलेल्या दिव्यात ही अडचण नसते. तेथे चकती, भिंग आणि परावर्तक एकमेकांसाठीच आखलेले असतात. मोटारीत हे तंत्र येण्यासही फार काळ लोटलेला नाही. २००७ मध्ये लेक्सस एलएस ६००एच या गाडीच्या डिपरला प्रथम एलईडी लाभली आणि २००८ मध्ये ऑडी आर-८ या स्पोर्ट्स कारमध्ये अप्पर, डिपर, दिशादर्शक अशी सर्व कामे एलईडीकडे आली. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी असलेल्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले ते २०१४ मध्ये. खुद्द मियाटाची २०१५ मध्ये आलेली चौथी पिढी कारखान्यातूनच एलईडी दिवे घेऊन आली. त्या गाडीचे चिंचोळे डोळे या छोट्या प्रकाशस्रोतामुळेच शक्य झाले.

कायदा काय सांगतो

अमेरिकेत हॅलोजनच्या दिव्यात घालायच्या एलईडी बल्बला संघराज्याच्या प्रमाणकात स्थान नाही. त्या प्रमाणकाच्या कसोट्या पार करणारा पूर्ण एलईडी दिवा मात्र चालतो. काचेवरील 'डीओटी' ही अक्षरे सरकारी मंजुरीचा शिक्का आहेत असा सार्वत्रिक समज आहे, तो खरा नाही. आपला माल नियमानुसार आहे, असे उत्पादकाने स्वतःच दिलेले ते प्रमाणपत्र असते. म्हणूनच अनोळखी बनावटीच्या दिव्यावरील ती अक्षरे फारशी विश्वसनीय ठरत नाहीत. युरोपातील वर्तुळातील 'ई' आणि त्यापुढील आकडा ही खूण मात्र चाचणीनंतर एखाद्या देशाच्या अधिकृत यंत्रणेने दिलेली असते.

ब्रिटनमध्ये २०२१ पासून वार्षिक तपासणीची नियमावली कडक झाली. हॅलोजन दिव्यात एलईडी बल्ब घातलेली मोटार तेथे नापास होते. जर्मनीने २०२० मध्ये एका नामांकित कंपनीच्या एलईडी बल्बला प्रथमच परवानगी दिली, पण ती यादीतील ठरावीक मॉडेलांपुरती. प्रत्येक दिव्यात तो बल्ब घालून चाचणी घ्यावी लागली. एकच बल्ब एका दिव्यात सभ्यपणे वागतो आणि दुसऱ्यात उधळतो, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय.

डावे-उजवे

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. ब्रिटन, जपान आणि भारतात डावीकडून. डिपरची सीमारेषा कडेच्या बाजूला वर चढते हे आपण पाहिले. अमेरिकी रस्त्यासाठीचा असा तिरका झोत डावीकडून चालणाऱ्या गाडीला लावला, तर तो चढता भाग नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दिवा कितीही खाली झुकवला तरी हा दोष जात नाही, कारण तो भिंगातच असतो. युरोपीय खुणेच्या दिव्यावर केवळ डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी असल्यास आडवा बाण असतो, दोन्हींसाठी असल्यास दुहेरी बाण आणि केवळ उजव्या बाजूसाठी असल्यास बाणच नसतो. परदेशातून मागवण्याआधी काचेचे छायाचित्र मागून हा बाण पाहणे हे खरेदीतील सर्वांत स्वस्त शहाणपण आहे.

बसवताना

मियाटात दिवा बदलणे अवघड नाही. दिवे वर आणायचे, भोवतालचे प्लॅस्टिकचे झाकण काढायचे, दिव्याला धरून ठेवणारे कडे सोडवायचे आणि मागचा जोड काढायचा. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. कड्याच्या स्क्रूशेजारीच दिव्याचा कोन बदलणारे स्क्रू असतात. नवशिके नेमके तेच फिरवतात. दुसरे, बोटे अडकण्याचा धोका. दिवा वर नेणारी मोटार अचानक चालू झाल्यास इजा होते, म्हणून आधी बॅटरीची तार सोडवावी. मोटारीवर हाताने फिरवायची मूठ दिलेली आहे, ती अशा वेळी उपयोगी पडते.

एलईडीचा पुढचा झोत थंड असला तरी उष्णता असतेच. ती मागे, चकतीच्या बुडाशी साठते आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांतून बाहेर टाकावी लागते. या पात्यांमुळे दिवा मागे लांबतो. उघडझाप होणाऱ्या दिव्यामागे जागा मोजकीच असते, म्हणून तो वर असताना आणि खाली असताना दोन्ही स्थितींत तारा व पाती कोठे घासत नाहीत ना, हे हाताने फिरवून पाहावे. विजेच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. हॅलोजनच्या तारेला धन-ऋणाचा भेद नसतो, एलईडीला असतो. काही जपानी गाड्यांत स्विच धन बाजूला नसून ऋण बाजूला असतो. तेथे नवा दिवा पेटत नाही किंवा अप्पर-डिपर उलटसुलट होतात. मीटर लावून खात्री करून घेतल्यास दिवा नाहक बदनाम होत नाही. रेडिओत खरखर सुरू झाली, तर दिव्यातील स्वस्त विद्युतमंडलावर संशय घ्यावा.

दिव्याभोवती चकाकणारे कडे असलेले नमुने तरुणांना फार आवडतात. बॉनेटमध्ये मिटलेल्या दिव्याला ते कशासाठी हवे, हे कोडेच आहे.

साठ मीटरचा हिशोब

सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे दिव्याचा कोन लावणे. सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून आणि चालकाच्या वजनासह गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करतात. डिपरची सीमारेषा भिंतीवर दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली यावी, म्हणजे उतार एक टक्का. जुन्या गाडीत दिवा उचलणारे सांधे सैल झालेले असतात, म्हणून दिवे चार-सहा वेळा वर-खाली करून रेषा दरवेळी त्याच जागी येते का, ते पाहावे. हॅलोजनच्या पुसट कडेत ही थरथर लपून जात असे. एलईडीची धारदार रेषा मात्र रस्त्यावर नाचताना दिसते.

आता थोडे गणित. स्पोर्ट्स कार बुटकी असते. अमेरिकी नियमानुसार दिवा जमिनीपासून किमान २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर उंच असावा लागतो. बसक्या नाकाच्या गाड्यांत दिवे वर उचलण्याची युक्ती रूढ झाली, त्यामागे हेही एक कारण होते. उंची ६० सेंटिमीटर धरली, तर एक टक्का उताराची रेषा साठ मीटरवर जमिनीला टेकते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागून थांबायला आणखी ३५ मीटर. बेरीज ६८ होते. कडेला चढणारा झोत वगळता डिपरच्या हद्दीत रस्ता साठ मीटरच उजळलेला असतो. त्या साठ मीटरांत दुप्पट प्रकाश ओतला, तरी हद्द एका मीटरनेही पुढे सरकत नाही. ती पुढे नेण्यासाठी दिवे वर उचलले, की त्याची किंमत समोरचा चालक मोजतो. तो वयस्कर असेल तर दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याची गाडी जवळजवळ आंधळी धावत असते.

एलईडीवर पैसे खर्च करण्याआधी जुन्या तारांची परीक्षा घेणेही योग्य ठरते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजसोबत फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडले, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. तीस वर्षे जुन्या तारा व गंजलेले जोड एवढे व्होल्टेज सहज गिळतात. बॅटरीपासून जाड तार आणि रिले टाकल्यास तोच पिवळा दिवा अनेकदा ओळखू येणार नाही इतका उजळतो. शिवाय हिमवर्षावाच्या प्रदेशात हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचे बर्फ वितळते. थंड एलईडीवर ते साचून राहते.

माझ्दाने ही गाडी भारतात कधी विकली नाही. परंतु थार जीप आणि बुलेट मोटारसायकल यांचा गोल दिवा त्याच सात इंची घराण्यातला आहे आणि त्यांच्यासाठी परदेशी एलईडी दिवे मागवणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम त्यांना लागू होतो. दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो माणूस झोताने दिपता कामा नये, असे तो नियम सांगतो. घरासमोरच्या सपाट गल्लीत, एका मित्राला समोर उभे करून, हे पाच मिनिटांत तपासता येते.