कडाव परिसरांतील मोहाची घरगुती भट्टी

कर्जत तालुक्यांत, कडावच्या आसपास, ठाकूर व कातकरी यांची जुनी वस्ती आहे. फाल्गुन-चैत्रांत पहाटे गळणारीं मोहाचीं फुलें वेचून वाळवावयाचीं, पाण्यांत आंबवावयाचीं, मडक्यांत उकळून त्यांची वाफ वेळूच्या नळीनें गार पाण्यांत ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यांत उतरवावयाची, हा या वस्त्यांतील घरोघरचा परिपाठ होता.

यास कोणी केवळ व्यसन म्हणेल, तर त्यानें शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापलेलें कौटिलीय अर्थशास्त्र उघडावें. सुराध्यक्षप्रकरणांत मद्यावर राजाचा कडक ताबा सांगितला आहे. तथापि कुटुंबवत्सलांस मंगलकृत्यांसाठीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक असून, उत्सव-यात्रांत चार दिवसांची सूटही आहे. करवसुलींत मुळींच ढिला नसलेला कौटिल्य घरच्या मडक्यापाशीं मात्र थांबतो, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें.

इंग्रजी अंमल तेथें थांबला नाहीं. १८७८ च्या अबकारी कायद्याखालीं परवान्यावांचून दारू गाळणें गुन्हा होता. धंदा उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला. १८९२ च्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. आयर्लंडांतील ‘पोचीन’ची कथा अशीच. या शब्दाचा अर्थच लहान मडकें! १६६१ च्या करानें चोरटी ठरलेली ही घरगुती दारू १९९७ सालीं तेथें पुन्हा कायदेशीर झाली.

फौजदारी कागदांत मोह गाळणारा दिसतो तो आरोपी म्हणून. त्याची दुसरी बाजू सावकारी वह्यांत व गांवकीच्या जमाखर्चांत शोधावी लागेल. कडाव-कर्जतकडील अशीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं मोहफुलांच्या नोंदी क्षुल्लक समजून वगळूं नयेत.