रिकाम्या कॉम्प्युटरचं बिल कोण भरतं?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, दोन्ही केलंत तर उत्तमच.

हल्ली एक जाहिरात फार दिसते. तुमचा कॉम्प्युटर रात्रभर नुसता पडून असतो ना? मग त्याची ताकद भाड्याने द्या, तुम्ही झोपा, तो कमवेल. विशेषतः ज्यांनी घरच्यांच्या मागे लागून महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलंय, त्यांना हा विचार लगेच पटतो. घरच्यांना सांगायला कारणही मिळतं. आता यात सगळीकडे फसवणूकच असते असं नाही. अशा खऱ्या सेवा आहेत, त्या खरे पैसे देतात. पण ही कल्पना काल-परवाची नाही, तिला चाळीसहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास बघताना मी एकच प्रश्न हातात धरलाय: विजेचं बिल कोण भरतं? हा प्रश्न विचारला की बऱ्याच गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

रात्रीची रिकामी ऑफिसं

सुरुवात करू कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रापासून. 1970 च्या दशकाच्या शेवटी तिथे साधारण 100 'आल्टो' कॉम्प्युटर इथरनेटने एकमेकांना जोडलेले होते. दिवसा लोक वापरायचे, रात्री सगळे रिकामे. जॉन शॉक आणि जॉन हप या दोघांनी असा प्रोग्राम लिहिला, जो नेटवर्कवर रिकामं मशीन शोधून तिथे स्वतःची प्रत चालवेल. त्याला त्यांनी 'वर्म' म्हटलं. हो, आज आपण व्हायरसच्या जोडीने ज्याचं नाव घेतो तो शब्द इथूनच रूढ झाला. मूळ हेतू मात्र चांगला होता: रिकाम्या मशीनकडून उपयोगाचं काम करून घ्यायचं.

एका रात्री असा एक वर्म चालू ठेवून मंडळी घरी गेली. सकाळी येऊन बघतात तर डझनावारी मशीन बंद पडलेली. एखादं परत सुरू करावं, तर वर्म पुन्हा त्यात शिरायचा आणि ते पुन्हा बंद. शेवटी सगळे वर्म मारून टाकणारा संदेश नेटवर्कवर सोडावा लागला. 1982 मध्ये त्यांनी हे सगळं शोधनिबंधात प्रामाणिकपणे लिहून टाकलं.

यावरचा शहाणपणाचा उपाय विस्कॉन्सिन विद्यापीठातून आला. मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 'कॉन्डॉर' ही प्रणाली मांडली. कॉन्डॉर म्हणजे गिधाडाच्या जातीचा पक्षी, वर घिरट्या घालत भक्ष्य शोधणारा. ही प्रणाली रिकामी मशीन शोधायची. पण तिचा नियम असा, की मालकाने येऊन कीबोर्डला हात लावला, की पाहुण्याने मुकाट्याने उठायचं. जेवढं काम झालंय ते जपून ठेवायचं आणि दुसऱ्या मशीनवर पुढे सुरू करायचं. मालकाचा हक्क पहिला, हे तत्त्व इथे पक्कं झालं. आणि बिल? ते विद्यापीठाचं. मशीन विद्यापीठाची, काम विद्यापीठाचं, वीजही विद्यापीठाची. हिशोब सरळ.

फुकट दिलेली ताकद

मग इंटरनेट आलं आणि मशीनचे मालक हजारो झाले. 1977 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या मार्टिन गार्डनर यांच्या सदरात एक 129 अंकी संख्या छापून आली होती. तिचे अवयव पाडा आणि 100 डॉलर घ्या, असं आव्हान होतं. तेव्हाच्या अंदाजाने याला विश्वाच्या वयापेक्षाही जास्त वेळ लागणार होता. 1994 मध्ये जगभरातल्या सुमारे 600 स्वयंसेवकांनी साधारण 1600 मशीनवर, ईमेलने काम वाटून घेत, आठ महिन्यांत ते करून दाखवलं. 100 डॉलर भागिले 600 माणसं, म्हणजे प्रत्येकी वडापावचे पैसे. ती रक्कम त्यांनी दान करून टाकली.

1996 मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याचा 'गिम्प्स' हा प्रकल्प सुरू केला. इथे खरंखुरं मोठं बक्षीस होतं. 1999 मध्ये मिशिगनमधल्या नयन हजरतवाला यांच्या 350 मेगाहर्ट्झच्या घरगुती पेंटियम टू मशीनने 20 लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्या शोधली, आणि त्यांना इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं 50,000 डॉलरचं बक्षीस मिळालं. पण ही लॉटरी झाली, कमाई नव्हे. बाकी हजारो लोकांच्या मशीनने तितकंच मन लावून काम केलं होतं, त्यांना काही नाही.

17 मे 1999 ला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून 'सेटी अ‍ॅट होम' सुरू झालं. आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांचे छोटे तुकडे घरोघरी पाठवायचे, आणि त्यात परग्रहावरच्या कुणाचा आवाज सापडतो का ते बघायचं. स्क्रीनसेव्हरवर रंगीत आलेख नाचायचे. 50 लाखांहून जास्त लोक त्यात आले, एकही पैसा न घेता.

आता इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर आहे. त्या काळी 'रिकामी ताकद' खरोखरच जवळजवळ फुकट होती. विंडोज 95 आणि 98 च्या मशीनवर काही काम नसलं तरी प्रोसेसर विश्रांती घेत नव्हता. 'काम आहे का, काम आहे का' असं विचारत तो गोल गोल फिरत राहायचा आणि जवळपास तेवढीच वीज खायचा. त्यामुळे मशीन चालूच असेल, तर त्याला काम दिल्याने बिलात फारसा फरक पडत नव्हता. सेटीवाल्यांनी कुणाला फसवलं नाही, कारण देणाऱ्याच्या खिशाला तेव्हा फारशी झळ बसतच नव्हती.

पैसे आले आणि भानगडी आल्या

50 लाख लोक फुकट येतात म्हटल्यावर धंदेवाल्यांचं लक्ष जाणारच. 2000 च्या आसपास अमेरिकेत पॉप्युलर पॉवर, युनायटेड डिव्हाइसेस, एन्ट्रोपिया, पॅराबॉन अशा कंपन्या उभ्या राहिल्या. सेटीचे प्रमुख डेव्हिड अँडरसन स्वतः काही काळ युनायटेड डिव्हाइसेसमध्ये होते. कल्पना अशी: औषध कंपन्या, बँका, संशोधन संस्था यांची मोठी गणितं घ्यायची, लोकांच्या घरच्या मशीनवर सोडवायची, आणि मिळालेल्या पैशातला वाटा लोकांना द्यायचा.

पॉप्युलर पॉवर मार्च 2001 मध्ये बंदच पडली. का चाललं नाही? एक तर डॉटकॉमचा फुगा फुटलेला होता. पण खरी कारणं खोल होती. कुठली औषध कंपनी आपला गोपनीय डेटा अनोळखी माणसाच्या बेडरूममध्ये पाठवेल? शिवाय पैसे मिळणार म्हटलं की खोटी उत्तरं पाठवायचा मोह होतोच. सेटीमध्ये तर पैसेही नव्हते, नुसती क्रमवारी होती, तरी काही लोकांनी प्रोग्राममध्ये फेरफार केले. म्हणून एकच तुकडा दोन-तीन जणांकडे पाठवून उत्तरं ताडून बघावी लागायची. मग एका उत्तरासाठी दोघा-तिघांना पैसे द्यायचे का? आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणार किती, तर काही डॉलर.

याच वेळी एका कंपनीने भलताच मार्ग काढला. जूनो ही अमेरिकेत फुकट इंटरनेट देणारी कंपनी. 2001 मध्ये तिने फुकट ग्राहकांसाठीच्या अटी बदलल्या. आम्ही तुमच्या मशीनवर गणिताचा प्रोग्राम चालवू, त्यासाठी कॉम्प्युटर सतत चालू ठेवायला सांगू शकतो, आणि त्यामुळे वाढणारा विजेचा खर्च तुमचा! हे चक्क अटींमध्ये लिहिलं होतं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने सांगितलं, की सुरुवातीला हे ऐच्छिक असेल. पण मला त्यांचं एका बाबतीत कौतुक वाटतं. बिल कोण भरणार, हे त्यांनी निदान लिहून तरी दिलं होतं.

आणि उलट बाजू बघा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका तंत्र महाविद्यालयाच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने कॉलेजच्या कॉम्प्युटरवर 'डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट'चा प्रोग्राम टाकला. सांकेतिक भाषेच्या किल्ल्या शोधण्याचा हा सार्वजनिक प्रकल्प होता. 2001 मध्ये राज्याने त्याच्यावर थेट संगणक गुन्ह्याचा खटला भरला. वापरलेल्या इंटरनेटची किंमत सेकंदाला 59 सेंट या दराने लावली आणि आकडा 4 लाख डॉलरच्या वर नेला. शेवटी जानेवारी 2002 मध्ये तडजोड झाली: एक वर्षाचं प्रोबेशन, 2,100 डॉलर आणि काही तास समाजसेवा. आकडा हास्यास्पद होता, खटला अतिरेकी होता, हे मान्य. पण मुद्दा उरतोच. मशीन कॉलेजचं, बिल कॉलेजचं, आणि परवानगी कुणी दिली होती?

या धंद्याची उरलीसुरली हवा 2006 मध्ये अ‍ॅमेझॉनने काढली. ऑगस्टमध्ये त्यांनी तासाला 10 सेंट या दराने सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. भरवशाचं मशीन जर तासाला 10 सेंटला मिळतंय, तर आईने झाडू मारताना प्लग काढला की बंद पडणाऱ्या तुमच्या पीसीला कुणी त्याहून जास्त का देईल?

नाणं पाडणारी यंत्रं

2009 च्या जानेवारीत बिटकॉइन आलं आणि पहिल्यांदाच घरच्या मशीनला थेट पैसे मिळायला लागले. मध्ये कंपनी नाही, चेक नाही. खोट्या उत्तराचा प्रश्नही सुटला, कारण इथलं उत्तर शोधायला अवघड, पण तपासायला एका क्षणाचं काम असतं. फक्त ते गणित औषध किंवा तारे शोधण्याच्या कामाचं नसतं, ते केवळ नाण्याच्या राखणदारीसाठी असतं.

सुरुवातीला साधा प्रोसेसर पुरायचा. 2010 मध्ये लोकांनी ग्राफिक्स कार्ड लावली, 2013 पासून फक्त याच कामासाठी बनवलेल्या चिप आल्या. बिटकॉइनमध्ये नियमच असा आहे, की दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, गणिताची काठिण्यपातळी बदलते. जास्त मशीन आली की प्रत्येकाचा वाटा कमी. त्यामुळे कमाई घसरत घसरत विजेच्या खर्चाला येऊन टेकते, आणि टिकून राहतो तो ज्याची वीज सर्वांत स्वस्त. घरगुती दराने वीज भरणारा माणूस या शर्यतीत पहिल्यांदा बाद होतो.

किंवा मग टिकतो तो, ज्याचं बिल दुसराच भरतो. सप्टेंबर 2017 मध्ये 'कॉइनहाइव्ह' आलं. वेबसाइटवर काही ओळी टाकायच्या, की पान उघडणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर मोनेरो हे नाणं पाडायचं काम सुरू. 70 टक्के वेबसाइटवाल्याला, 30 टक्के कॉइनहाइव्हला, आणि पंखा तुमचा घरघरतोय. जाहिरातींना पर्याय म्हणून हे वाईट नव्हतं, जर विचारून केलं असतं तर. फेब्रुवारी 2018 मध्ये एका लोकप्रिय प्लगइनमध्ये कुणीतरी हा कोड घुसवला आणि 4,000 हून जास्त वेबसाइट बाधित झाल्या. त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांची, म्हणजे लोकांच्या गोपनीयतेचं रक्षण करणाऱ्या कार्यालयाचीच वेबसाइट होती! मार्च 2019 मध्ये कॉइनहाइव्ह बंद झालं.

आणि आज

15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने ही मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि जगभरातली असंख्य ग्राफिक्स कार्डं एका दिवसात बेकार झाली. त्याच सुमाराला एआयची लाट आली. आता सॅलड, वास्ट डॉट एआय यांसारख्या सेवांवर लोक आपली कार्डं भाड्याने देतात. काम उपयोगाचं आहे, मागणी खरी आहे. पण आपला प्रश्न विचारूया.

आजचा प्रोसेसर 1999 सारखा नाही. काम नसलं की तो झोपतो आणि अगदी थोडी वीज घेतो. कामाला लावलं की वाढणारी सगळी वीज नवी, तुमच्या मीटरवर. समजा कार्ड 300 वॉट खातंय आणि रोज 10 तास चालवलंत. दिवसाला 3 युनिट, महिन्याला 90. युनिटला 10 रुपये धरले तरी 900 रुपये झाले. महावितरणचे स्लॅब तुम्हाला माहीत आहेतच. घरचा वापर 80 युनिट असेल तर या 90 मुळे तुम्ही थेट वरच्या स्लॅबमध्ये जाता. मे महिन्यात त्या खोलीत झोपायचं असेल तर एसीचं वेगळं. कार्डाची झीज मी अजून धरलेलीच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. साइन अप करण्याआधी एक आठवडा मीटरचं रीडिंग लिहून ठेवा आणि मगच कमाईचा आकडा बघा. हॉस्टेलवर असाल, वीज भाड्यातच धरलेली असेल, तर नफा होईलही. पण मग तो नफा मालकाच्या बिलातून येतोय, हे लक्षात असू द्या, आणि आधी त्यांना विचारा.

जाता जाता एक गोष्ट. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या पहिल्या आठवड्यांत, 'फोल्डिंग अ‍ॅट होम' या प्रकल्पात लोकांनी आपापली मशीन जोडली. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचा अभ्यास करणारा हा प्रकल्प विजय पांडे यांनी 2000 मध्ये स्टॅनफर्डला सुरू केला होता. त्या महिन्यात त्याची एकत्रित ताकद 1 एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला 1 वर 18 शून्यं इतक्या गणितांच्या वर गेली. तेव्हाच्या सर्वांत वेगवान महासंगणकालाही ते जमत नव्हतं. कुणालाही पैसे मिळाले नाहीत. प्रत्येकाने आपलं वाढीव बिल स्वतः भरलं, माहीत असून भरलं. या इतिहासात आजवर सर्वांत मोठं काम त्याच लोकांकडून झालंय.

तुमच्यापैकी कुणी असं कार्ड भाड्याने दिलं असेल, तर बिल आणि कमाई दोन्ही आकडे मला जरूर कळवा. पुरेसे आकडे जमले तर त्यावर एक वेगळा भाग करू.