बैठकीच्या खोलीतली बंदूक

कुणाच्या घरी गेलं की आपण नकळत काय पाहतो? भिंतीवरच्या तसबिरी, कपाटातली पुस्तकं, खेळणारी मुलं. फिलाडेल्फियाचा छायाचित्रकार काईल कॅसिडी यानं अमेरिकेत गावोगाव फिरून अशीच घरं टिपली. फक्त त्या घरांतल्या माणसांजवळ बंदुका होत्या. २००७ मध्ये ‘आर्म्ड अमेरिका’ या नावानं ही छायाचित्रं पुस्तकरूपानं आली.

त्यानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुम्ही बंदूक का बाळगता? कुणी स्वसंरक्षणाचं कारण सांगितलं, कुणी शिकारीचं, तर कुणी नेमबाजीच्या छंदाचं. कुणाला ती वाडवडिलांकडून आलेली होती.

या प्रश्नाची मुळं जुनी आहेत. १७९१ मध्ये अमेरिकी संविधानात दुसरी दुरुस्ती झाली. तिच्यात नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचाही. मग हा हक्क सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा? हा वाद पिढ्यान्पिढ्या चालला. पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, जून २००८ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे.

आपला इतिहास वेगळा. १८५७ चा उठाव पाहिलेल्या इंग्रज सरकारनं १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाच्या शस्त्राला परवान्यात बांधलं. स्वतंत्र भारतानं १९५९ च्या कायद्यात परवाना कायम ठेवला. आमच्या गल्लीत दसऱ्याला पूजा होते ती कोयत्याची, विळीची, अवजारांची. बंदूक दिसते ती पोलिसाच्या खांद्यावर, नाहीतर सिनेमात.

एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये अमेरिकी नागरिकांकडं सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे माणसांहून जास्त. आणि तिथं बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. रक्षणासाठी घरात आणलेली वस्तू कधीकधी घरच्याच माणसाला घेऊन जाते. हे त्या छायाचित्रांत दिसत नाही.

तरीही ती पाहावीत. ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्याच्या उंबऱ्यापाशी चपला काढाव्यात, ‘का?’ असं विचारावं आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्यावं. मग ते न पटलं तरी चालेल.