सुरत, 24 एप्रिल 1837

सोमवार, संध्याकाळचे 5.
सुरतेच्या माछलीपीठ भागात एका प्रतिष्ठित पारशी गृहस्थाच्या घरी डांबर उकळत ठेवलं होतं. ते सांडलं आणि घराच्या लाकडाने पेट घेतला. आजूबाजूला विहिरी होत्या. माणसं पाण्यासाठी धावली, पण शेजाऱ्यांनी आपल्या विहिरींचं पाणी घेऊ दिलं नाही.

या घटनाक्रमात माणसाच्या हातात होता तो एवढाच वेळ. पुढचे सगळे आकडे या नकारातून निघाले आहेत, म्हणून मला तो त्या आकड्यांहून भयंकर वाटतो.

5 नंतर.
जुन्या सुरतेचं घर म्हणजे आधी लाकडाचा सांगाडा. खांब, तुळया, जिने, सज्जे सगळं लाकडी, वर कोरीव नक्षी आणि मधल्या जागेत विटांची भर. व्यापाऱ्याच्या वैभवाची ती खूण होती. एप्रिलच्या उन्हात वाळून खडखडीत झालेलं ते लाकूड एका ठिणगीची वाट पाहत होतं. गल्ल्या इतक्या अरुंद की या घराचा सज्जा पेटला की समोरच्या घराला धग लागायचीच. अशा वाड्यांचं काय होतं हे पुण्याने नऊच वर्षांपूर्वी पाहिलं होतं. 1828 मध्ये शनिवारवाडा जळाला, तो कित्येक दिवस धुमसत होता. इथे तर गल्लीच्या गल्ली तशाच घरांची होती.

रात्र.
काही तासांतच आग सुमारे तीन मैलांच्या परिसरात पसरली. वाऱ्याने तिला बळ दिलं. आकाशातला उजेड वीस-तीस मैलांवरच्या गावांतून दिसत होता. ज्यांची घरं अजून शाबूत होती, त्यांच्यापुढेही सोपा मार्ग नव्हता: सामान बाहेर काढावं तर गल्लीत माणसांना वाट नाही आणि आत ठेवावं तर ते जळणार.

मंगळवार, 25 एप्रिल.
उजाडताना ज्वाळा काहीशा मंदावल्या. पण आग विझली नव्हती. ती पुन्हा उसळली आणि दुपारी 2 च्या सुमारास तिचा जोर सर्वाधिक होता.

बुधवार, 26 एप्रिल.
आग आटोक्यात आली. शहर आणि उपनगरं मिळून 9,373 घरं गेली होती. जळालेल्या रस्त्यांची लांबी भरली जवळपास 10 मैल. 500 हून अधिक माणसं मेली. नुसत्या घरांचीच किंमत 46 लाख रुपयांच्या आसपास होती. आतल्या मालाचा, वह्यांचा, दागिन्यांचा हिशेब कोणी करू शकलं नाही.

इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेने पॉम्पेई हे रोमन शहर गाडलं, पण त्याच राखेखाली भिंतींवरची चित्रं टिकली, भट्टीतले पावही टिकले. सुरतेच्या राखेने काहीच जपलं नाही. 1837 मध्येच पावसाळा संपत आला असताना तापीला तोवर कोणी पाहिला नव्हता असा पूर आला, जवळजवळ सगळं शहर पाण्याखाली गेलं आणि आणखी सुमारे 27 लाखांचं नुकसान झालं. आगीतून उठून जो नव्याने उभा राहू पाहत होता, त्याला या पुराने पुन्हा आडवं केलं.

व्यापार आधीपासूनच मुंबईकडे सरकत होता. 1837 नंतर तर कित्येक बनिया आणि पारशी घराण्यांनी सुरत सोडून मुंबई गाठली. ज्या मुंबईचं आपण कौतुक करतो तिच्या पेढ्यांमध्ये या उजाड झालेल्या शहराची माणसं आहेत, हे मराठी वाचकाने विसरू नये.

सुरत पुन्हा उभी राहिली, कापड आणि हिऱ्यांवर मोठी झाली. पण 24 मे 2019 ला सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू होते. जीव वाचवायला मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 22 जीव गेले.

आपल्या इमारतीत गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, जिन्यात काय काय रचून ठेवलंय, शेजारी आग लागली तर आपल्या टाकीचं पाणी तिथवर कसं पोचणार, हे आज संध्याकाळीच चार घरांनी मिळून ठरवा.