गाडीतलं ‘टुंग’ बदललं की काय होतं?

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. नेहमीप्रमाणे बोलतोय तसंच लिहिलंय, फक्त माझं अडखळणं काढून टाकलंय.

सुरुवात घरातल्या गोष्टीपासून करतो. मागच्या दिवाळीत मी बाबांच्या गाडीत मोठा टचस्क्रीन बसवून दिला. मॅप दिसायला लागला, मागचा कॅमेरा आला, बाबा खूश. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. ‘अरे, गाडीतून जळका वास येतोय.’ हॅण्डब्रेक अर्धा वर राहिला होता आणि बाबा तसेच सात-आठ किलोमीटर गेले होते. मी विचारलं, ‘बाबा, तुम्हाला आवाज नाही आला?’ तर म्हणाले, ‘आला ना. टीं-टीं असं काहीतरी वाजत होतं. मला वाटलं, तुझ्या त्या स्क्रीनचंच काहीतरी असेल.’

आधी त्या गाडीत हॅण्डब्रेकसाठी एक जाडसर ‘टुंग-टुंग’ वाजायचं. इशारा तोच, आवाज बदललेला, आणि बाबांसाठी तो इशाराच राहिला नाही. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बग कुठे आहे ते शोधायला बसलो आणि थेट पन्नास वर्षं मागे पोहोचलो.

आधी बझर. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत घंटेची आकृती होती, आठवतेय? गाडीतला जुना बझर जवळपास तसाच. वीज आली की चुंबक लोखंडी पट्टी ओढतो, पट्टी ओढली गेली की सर्किट तुटतं, पट्टी परत येते, सर्किट पुन्हा जुळतं. हे इतक्या वेगाने होतं की आपल्याला ‘घर्रर्र’ ऐकू येतं. बॅटरी उतरली की आवाज मरगळतो, कॉन्टॅक्ट झिजले की तो फाटतो. म्हणजे त्या काळात आवाज बदलण्याचं कारण सरळ होतं: वस्तू म्हातारी झाली.

हा बझर बदनाम झाला अमेरिकेत. १९७२ पासून तिथे नियम आला की बेल्ट न लावता गाडी चालवायला घेतली तर दिवा आणि बझर किमान एक मिनिट चालू राहिला पाहिजे. लोकांनी काय केलं? बेल्ट सीटमागे अडकवून टाकले. मग १९७४ च्या मॉडेलांसाठी सरकार आणखी पुढे गेलं. पुढच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही! सीटखालच्या सेन्सरला माणूस आणि किराण्याची पिशवी यातला फरक कळत नव्हता. पिशवी ठेवली तरी गाडी म्हणायची, आधी बेल्ट लाव. लोक इतके भडकले की ऑक्टोबर १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच केला. अशी सक्ती करायची नाही, आणि बेल्टसाठी आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजणाऱ्या बझरची सक्तीही करायची नाही. ही आठ सेकंदांची मर्यादा उठली थेट २०१२ मध्ये.

पण त्यात एक पळवाट होती. सरकार सक्ती करू शकत नव्हतं, कंपनीने स्वतःहून वाजवायला बंदी नव्हती. फोर्डने २००० च्या मॉडेलांपासून तेच केलं. बेल्ट नसेल तर काही सेकंद चाइम, मग शांतता, मग पुन्हा चाइम, असं पाच मिनिटांपर्यंत. ओक्लाहोमामध्ये झालेल्या पाहणीत ही सोय नसलेल्या फोर्ड गाड्यांमध्ये ७१ टक्के चालक बेल्ट लावत होते, सोय असलेल्यांमध्ये ७६ टक्के. पाच टक्के म्हणजे थोडे वाटतात, पण लाखो गाड्यांचा हिशोब करून बघा.

दरम्यान जपान वेगळ्याच वाटेने गेलं. १९७० च्या दशकात तिथे नियम होता की ताशी १०० किमीच्या पुढे गाडी गेली की चाइम वाजला पाहिजे, छोट्या केई गाड्यांमध्ये ८० ला. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये हा आवाज खरोखर धातूवर टोला मारून काढायचे. ‘किन्-कोन्, किन्-कोन्’, दाराच्या बेलसारखा. नियम १९८६ मध्ये गेला, पण जुन्या टोयोटांच्या चाहत्यांना तो आवाज अजून जिवाभावाचा वाटतो.

मग आल्या बोलणाऱ्या गाड्या. १९८१ च्या डॅटसन मॅक्सिमामध्ये दिवे चालू राहिले की एक बाई प्रेमाने सांगायची. ती चिप नव्हती, आत छोटीशी तबकडी होती, ग्रामोफोनसारखी! दोनच वर्षांत क्रायस्लरने चिपवर बोलणारी गाडी आणली. लोकांना गंमत वाटली, मग कंटाळा आला. शेजारी बसून सतत सूचना देणारा माणूस कोणाला आवडतो?

विमानांमध्येही हाच घोळ होता. केंब्रिजमधल्या रॉय पॅटरसन यांनी १९८२ मध्ये ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणासाठी धोक्याच्या आवाजांचे निकष लिहिले. अलार्म इतके मोठ्याने आणि अचानक वाजायचे की वैमानिक आधी अलार्म बंद करायला धावायचा, बिघाड नंतर. त्यांचं म्हणणं असं, की आवाज ऐकू येण्याइतका मोठा हवा, पण दचकवणारा नको. हळूहळू चढू दे. पुढे ज्यूडी एडवर्दी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आवाजाची पट्टी, वेग, लय बदलली की ऐकणाऱ्याला वाटणारी घाईसुद्धा बदलते. म्हणून आज बेल्टचा आवाज आधी सावकाश वाजतो आणि तुम्ही दुर्लक्ष केलंत की वेग धरतो. बिघाड झालेला नसतो, तसंच लिहिलेलं असतं.

आता बाबांच्या गाडीकडे येऊ. हल्लीच्या गाडीत आवाज म्हणजे सॉफ्टवेअर. सेन्सर संदेश पाठवतो, एक कॉम्प्युटर ठरवतो की आधी कुठला इशारा वाजवायचा, आणि आवाज निघतो मीटरच्या मागून किंवा चक्क म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरमधून. लिंकनने तर २०२० च्या एव्हिएटरसाठी डेट्रॉइट सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून सहा आवाज वाजवून घेतले! बाबांच्या गाडीत ‘टुंग’ जुन्या म्युझिक सिस्टीममधून यायचं. तीच काढली, तर आवाजाचं घरच गेलं. नव्या स्क्रीनसोबत आलेल्या जोडणीच्या डबीत स्वतःचा चिमुकला बझर होता. संदेश बरोबर पोहोचत होता, बोलणारा बदलला होता.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ८० च्या पुढे अधूनमधून, १२० च्या पुढे सतत. आणि आपण काय केलं? बक्कलमध्ये अडकवायची क्लिप विकत घेतली. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, दोघेही गेले. त्यानंतर हा विषय घराघरात बोलला गेला. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकणं बंद करायला लावलं. तब्बल १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. १९७४ च्या अमेरिकेत सीटमागे बेल्ट अडकवणारा माणूस आणि ही क्लिप घेणारा माणूस, दोघांचं डोकं एकच. आवाज बंद झाला म्हणजे धोका संपला.

बाबांनी क्लिप घेतली नव्हती. त्यांना फक्त नवा आवाज कोणी सांगितलाच नव्हता, आणि ती चूक माझी. आम्ही कामावर एखादी स्क्रीन बदलली तर वापरणाऱ्यांना चार ओळी लिहून पाठवतो. घरी मी तेवढंही केलं नाही.

पुढच्या रविवारी गाडी सोसायटीतच उभी ठेवून आम्ही दोघं आत बसलो. दार उघडं ठेवलं, दिवे चालू सोडले, बेल्ट काढला, मग हॅण्डब्रेक वर ठेवून गाडी अगदी हातभर पुढे घेतली. प्रत्येक वेळी मी विचारायचो, ‘बाबा, हा कशाचा?’ दहा मिनिटांत त्यांना सगळे पाठ झाले. तुम्ही गाडीत काही नवीन बसवलं असेल, किंवा सेकंडहॅण्ड गाडी घेतली असेल, तर हे नक्की करा. आणि ओळखीचा आवाज काहीच न बदलता अचानक फाटका यायला लागला, तर स्पीकर आणि बॅटरी तपासून घ्या.

जाता जाता, बाबांचं मत अजून तेच आहे: ‘जुनं टुंगच बरं होतं.’ भेटू पुढच्या भागात. गाडीत ऐकत असाल, तर आधी बेल्ट लावा!