बारा हातांची नावं

शाळेच्या परिपाठाला ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ म्हटलेलं आठवतंय? आम्ही ती प्रार्थना वर्षानुवर्षं म्हटली. हात जोडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, लक्ष पहिल्या तासाच्या गृहपाठाकडे. ही प्रार्थना सिनेमात सहा खुन्यांच्या गोष्टीत येते, हे कळायला मात्र कॉलेज उजाडावं लागलं.

सिनेमा ‘दो आँखें बारह हाथ’, साल १९५७. दिग्दर्शक आणि नायक व्ही. शांताराम. दोन डोळे तरुण जेलर आदिनाथचे आणि बारा हात सहा कैद्यांचे. खुनाच्या शिक्षेवर असलेल्या या सहा जणांना तो तुरुंगाबाहेर काढतो, ओसाड माळावर नेतो आणि शेती करायला लावतो. आपल्या आजच्या क्राइम सिरीज जिथे संपतात, तिथून हा सिनेमा सुरू होतो. खून झालेत, खुनी सापडलेत, शिक्षा लागलीय. मग पुढं काय?

हा प्रश्न शांतारामबापूंपर्यंत कसा आला ते बघायला कोल्हापुरात जावं लागतं. ते इथलेच, जन्म १९०१चा. १९२०च्या सुमारास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते पडेल ते काम करायला लागले. त्याच वर्षी पेंटरांचा ‘सैरंध्री’ आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की पुढे त्या दृश्यावर कात्री चालली. म्हणजे कोल्हापूरच्या पडद्यानं पहिला खून दाखवला तो असा, थेट आणि अंगावर येणारा.

पाच वर्षांनी त्याच पेंटरांनी ‘सावकारी पाश’ केला. यात गुन्हा आहे, पण तो कागदावर होतो. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी देशोधडीला लागून शहर गाठतो. तो तरुण शेतकरी होते खुद्द शांताराम. मूकपटाची प्रत आज हाती नाही. पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या लक्षात राहिली ती एक अंधारी झोपडी आणि तिच्याशेजारी विव्हळणारं कुत्रं. मला वाटतं, शांतारामबापूंमधला दिग्दर्शक इथंच घडला. गुन्हा दाखवायला सुराच लागतो असं नाही, हे त्यांनी पेंटरांच्या हाताखाली स्वतःच्या अंगावर घेऊन शिकलं. (१९२९ला कोल्हापुरात ‘प्रभात’ काढल्यावर त्यांनीही ‘खुनी खंजर’ नावाचा मूकपट केलाच. तो काळच तसा होता.)

‘दो आँखें’ बनला तो मुंबईच्या राजकमलमध्ये, पण श्रेयनामावली वाचताना कोल्हापूरच्या जुन्या मित्रांची बैठक भरल्यासारखं वाटतं. संगीतकार वसंत देसाई पोरसवदा वयात प्रभातमध्ये आले आणि त्या ‘खुनी खंजर’मध्ये पडद्यावरही दिसले. कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांची सिनेमातली सुरुवात कोल्हापूरच्या हंस पिक्चर्समध्ये, ‘ब्रह्मचारी’तल्या छोट्या कामानं झाली. माडगूळकर मूळचे औंध संस्थानातले, आटपाडीकडचे. याच संस्थानात १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, राजेसाहेबांचा पाठिंबा. कैद्यांनी भिंतीविना राहायचं आणि शेती करायची. सिनेमातला माळ हवेतून आलेला नाही.

आणि बाबूराव पेंढारकर. हंस पिक्चर्सचे एक संस्थापक, भालजींचे भाऊ. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये तारामतीवर वाईट नजर ठेवणारा गंगानाथ त्यांनी केला होता. इथं ते तुरुंगाधिकारी आहेत, आदिनाथचे वरिष्ठ. भूमिका लहान, पण तिच्यावाचून सिनेमा उभा राहिला नसता. आदिनाथ इतका सज्जन आहे की कधीकधी वैताग येतो. आपल्या मनातली शंका बोलून दाखवणारं कुणीतरी हवं असतं, आणि ते काम बाबूरावांचा चेहरा करतो. आवाज चढवत नाहीत, खलनायकी झाक तर नाहीच. नियम सांभाळून नोकरी केलेल्या माणसाची काळजी तेवढी दिसते. त्यांच्यामुळे आदिनाथचा जुगार आपल्याला खरंच जुगार वाटतो.

पण खरी कमाई त्या सहा जणांची. कैद्यांमधला एक न्हावी आहे. आदिनाथ त्याच्यापुढे दाढीला बसतो आणि गळा वस्तऱ्याखाली देतो. इथं शांतारामबापू नायकाला जवळजवळ बाजूला ठेवतात. सगळा ताण त्या न्हाव्याच्या हातात आहे. त्या हाताला जुनी सवयही आठवतेय आणि नवा विश्वासही पेलत नाहीये.

दुसरा प्रसंग बाजारातला. कैद्यांनी पिकवलेली भाजी स्वस्तात विकली जाते, व्यापारी चिडतो, त्याचे गुंड त्यांच्यावर तुटून पडतात. आदिनाथला शब्द दिलाय, म्हणून हे हात उचलत नाहीत. एकेकाचं शरीर बघा. ज्यांना मारणं श्वासासारखं सोपं, त्यांना मार खाणं शिकावं लागतंय. मारामारीच्या दृश्यात न मारणारी माणसं एवढी थरारक वाटतील, असं मला वाटलं नव्हतं.

सिनेमा निर्दोष नाही. आदिनाथचे डोळे इतक्यांदा दाखवलेत की मुद्दा पोचल्यावरही पोचवणं चालू राहतं. संध्याची खेळणी विकणारी चंपा गोड आहे, पण दर वेळी ती आली की माळावरचा ताण सैल पडतो. शेवटी बैलाशी झुंज. ती शांतारामबापूंनी स्वतः केली आणि चित्रीकरणात डोळ्यांना जबर इजा झाली. पट्ट्या बांधून अंधारात पडून राहावं लागलं. नजर परत आल्यावर त्यांनी रंगांनी भरलेला ‘नवरंग’ (१९५९) काढला.

बक्षिसं पुष्कळ मिळाली: राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, १९५८मध्ये बर्लिनचं रौप्य अस्वल. लेखांमध्ये नाव येतं ते शांतारामांचं, आणि ते योग्यच आहे. सहा कैद्यांपैकी उल्हास काहींना आठवतात, बाकीचे ‘ते कैदी’ म्हणूनच राहिले. त्या ‘बाकीच्यां’मध्ये बी. एम. व्यास होते. ‘ऐ मालिक’ लिहिणाऱ्या भरत व्यासांचे ते भाऊ.