फाल्गुनांतला खरारा

नाशिकचा हिंवाळा देशावरील पुष्कळ ठिकाणांहून कडक असतो. गोदाकांठच्या निफाडाकडे तर पारा कांहीं वर्षीं ५ अंशांच्याहि खालीं उतरतो आणि द्राक्षांच्या मळ्यांतून पहांटे शेकोट्या पेटतात. या थंडीची तयारी माणूस घोंगडी बाहेर काढून करतो. घोड्याला ती आपल्या कातडीवरच करावी लागते. दसऱ्याच्या सुमारास त्याच्या आंखूड, तुळतुळीत केसांतून लांब आणि दाट लव उगवूं लागते. पौषांत ती पुरती भरते, आणि माघ सरतां सरतां ती झडावयास लागते. फाल्गुनांत घोड्याच्या मानेवरून नुसता हात फिरविला तरी मूठभर केस हातीं येतात. तबेल्याच्या दारांत केसांचे पुंजके वाऱ्यावर लोळत असतात आणि पांखरें ते घरट्यांसाठीं उचलून नेतात. पाहणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या राज्याची सारी धांव ठेंगण्या घोड्यांच्या पाठीवर झाली, त्या राज्याच्या इतिहासांत घोड्याच्या पाठीवरचा केस क्षुल्लक म्हणून सोडून देतां येत नाहीं.

ऊन तापूं लागलें म्हणून केस गळतात, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ऊब आणि चांगला दाणा यांनीं झडणें लवकर उरकतें, हें खरें. पण त्याचा आरंभ उष्णतेनें होत नाहीं, उजेडानें होतो. डिसेंबरअखेर दिवस वाढूं लागतो. घोड्याच्या डोळ्यांतून ही वार्ता मेंदूला पोंचते, रात्रीं स्रवणारें मेलाटोनिन कमी होतें, प्रोलॅक्टिन नांवाचा दुसरा स्राव वाढतो, आणि त्याच्या आज्ञेनें जुना केस मूळ सोडतो. नाशिकास सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जवळजवळ अडीच तासांचें अंतर असतें, आणि एवढें अंतर घोड्याला पुरतें. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांवर तेंच अंतर सुमारें १३ तासांचें आहे. तेथील कमरेइतक्या उंचीचीं तट्टें हिंवाळ्यांत अस्वलासारखीं केसाळ दिसतात. शरीर जितकें लहान तितकी आंतली ऊब लवकर निघून जाते. म्हणून ठेंगण्या जातींना निसर्गानें दाट पांघरूण दिलें आहे. ब्रिटनमध्यें १८४२च्या कायद्यानें बायका आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणींत उतरविण्याची बंदी झाली, त्यानंतर कोळशाच्या गाड्या ओढण्यास हींच शेटलंडचीं तट्टें मोठ्या संख्येनें जमिनीखालीं गेलीं. आज अमेरिकेंत शोभेसाठीं जे इवलेसे घोडे पाळतात, त्यांना तेथील प्रमुख संस्थेच्या नियमानें ३४ इंचांपेक्षां अधिक उंच होण्याची मुभा नाहीं. त्यांचे केस तर वैशाख संपला तरी झडतच असतात.

महाराष्ट्राचें तट्टूं इतकें लहान नव्हे. परंतु अरबी अथवा तुर्की घोड्याच्या शेजारीं तें उभें केलें, तर परकी सरदारांना हंसूं येई. भीमेच्या कांठच्या मुलखांत पैदास होणारें भीमथडीचें जनावर त्यांत नांवाजलेलें. जुन्या इंग्रज लेखकांनीं त्याचें जें वर्णन केलें आहे, त्यांत तें मध्यम बांध्याचें, बळकट, बहुधा गडद कुमाईत रंगाचें आणि काळ्या पायांचें आहे. देशी तट्टें आणि बाहेरून आलेले अरबी व तुर्की घोडे यांच्या संकरांतून ही जात तयार झाली. थोड्या दाण्यावर, प्रसंगीं नुसत्या कडब्यावर, खडकाळ मुलखांत दिवसामागून दिवस चालणें हा तिचा गुण. नाशिक प्रांतानें तो गुण जवळून पाहिला आहे. ऑक्टोबर १६७० मध्यें सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजीमहाराज बागलाणांतून परत येत असतां मोगलांचा दाऊदखान आडवा आला, आणि वणी-दिंडोरीच्या परिसरांत मोठी लढाई झाली. लुटीनें लादलेलीं जनावरें घाटाकडे काढून देणें आणि त्याच वेळीं शत्रूस तोंड देणें, हें दुहेरी काम त्या फौजेनें पार पाडलें.

आतां एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. सभासदाच्या बखरींत महाराजांच्या लष्कराचा जो वार्षिक क्रम दिला आहे, त्याप्रमाणें फौज दसरा होतांच छावणींतून निघे आणि पावसाळ्यासाठीं परत स्वदेशीं येई. हा क्रम आणि घोड्याच्या कातडीचा क्रम शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. घोडा घरून निघे तो नवे केस धरूं लागण्याच्या वेळीं, आणि घरीं परते तो सारे केस टाकून झाल्यावर. म्हणजे केस झडण्याचे दोन-अडीच महिने स्वारींत जात. शांत तबेला, वेळेवर पाणी, कोवळें ऊन यांपैकीं कांहीं नाहीं. डोक्यावर ऊन, पाठीवर खोगीर आणि पुढें मजल.

याचा परिणाम काय होत असेल, तें घोडा बाळगणारास सांगावें लागत नाहीं. सुटलेला केस अंगावरून पडून गेला तर बरा. तो खोगिराखालीं अडकला, त्यांत घाम आणि धूळ मिसळली, कीं त्याच्या नमद्यासारख्या गांठी बनतात. त्या गांठींवर स्वाराचें वजन पडून कातडी सोलते. यालाच ‘पाठ लागणें’ म्हणतात. पाठ लागलेला घोडा लंगडत नाहीं, मरतहि नाहीं. पण त्याच्यावर बसतां येत नाहीं. मैदानी फौजेच्या दृष्टीनें तो मेल्यांतच जमा. पानपतासारख्या प्रसंगीं घोडे उपासानें मेले, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याची वर्णनें झालीं, त्यावर अश्रु ढाळले गेले. पाठी लागून निकामी झालेल्या घोड्यांसाठीं कोणी अश्रु ढाळीत नाहीं, आणि मोहिमांचे हिशेब मात्र त्यांनींहि फिरविलेले असणार.

पहिल्या बाजीरावाची पालखेडची मोहीम फेब्रुवारी १७२८ मधली. निजामाला हुलकावण्या देत मराठी फौज गुजरात-खानदेशाकडून वळून गोदावरीच्या खोऱ्यांत उतरली, वैजापूरजवळ पालखेड येथें तिनें निजामाचें पाणी आणि रसद तोडली, आणि ६ मार्च १७२८ रोजीं मुंगी-शेगांवचा तह झाला. या मोहिमेचें कौतुक सेनापतीच्या बुद्धीसाठीं होतें, आणि तें योग्यच आहे. पण हे माघ-फाल्गुनाचे दिवस होते. ज्या जनावरांच्या पायांवर ही बुद्धि धांवली, तीं सारीं त्या वेळीं केस टाकीत होतीं. मजल संपवून, आधीं घोड्याची पाठ मोकळी करून मग स्वतःच्या भाकरीकडे पाहणारे हात त्या फौजेंत असल्यावांचून ती धांव निभावली नसती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हे हात कोणाचे? मराठी लष्करांत स्वाराचे दोन वर्ग होते. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचें सारें भांडवल त्या एका जनावरांत गुंतलेलें असे. तें गेलें तर पुष्कळदां नुकसान त्याचें त्यालाच सोसावें लागे, आणि काल मानानें चालणारा माणूस आज पायउतार होई. त्यामुळें शिलेदार लढाईंत घोडा राखून वागतो, असा आक्षेप घेतला जाई. आक्षेप खोटा नाहीं. पण जो घोड्याला राखतो तोच त्याचे केसहि काढतो. पागेंतील व्यवस्था निराळी होती. सभासद सांगतो कीं दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. रोजच्या चाकरीला मोतद्दार असत. पाणी दाखवावें, तोबरा चढवावा, लीद उचलावी, आगाडी-पिछाडी बांधावी आणि खरारा करावा, हें त्यांचें आयुष्य.

हें काम कमी प्रतीचें आहे, अशी समजूत जुन्या काळीं नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्याची सेवा करणाऱ्यांत चारा आणणारा, दाणा शिजविणारा, विषवैद्य यांच्या पंक्तीला तेथें ‘केशकार’ बसविलेला आहे. घोड्यांना दिवसांतून दोनदां स्नान घालावें, त्यांना गंधमाल्य द्यावें, असेंहि तेथें सांगितलें आहे. नाशिकच्या माघांतल्या पहांटे हा दोनदां स्नानाचा नियम कोणी पाळील असें वाटत नाहीं, आणि पाळूंहि नये. अर्धे केस गेलेलें, अर्धे राहिलेलें जनावर भिजवलें, तर आंतली लव ओली राहते, थंडी भरते आणि कातडीचे रोग मूळ धरतात.

यासाठींच या दिवसांत पाण्यापेक्षां खरारा मोलाचा. खरारा म्हणजे दांत्यांचें लोखंडी साधन आणि तें फिरविण्याची क्रियाहि. मराठींत दोहोंना एकच शब्द आहे. काम ऊन थोडें चढल्यावर आरंभावें. खरारा मानेपासून धरून खांदा, बरगड्या आणि पुठ्ठा असा लहान लहान वर्तुळांत फिरवावा, म्हणजे सुटलेला केस आणि खालचा कोंडा वर येतो. जेथें मांसाखालीं लगेच हाड आहे, म्हणजे तोंड, गुडघे, नळ्या, तेथें लोखंड लावूं नये. ओल्या फडक्यानें किंवा गवताच्या मुठीनें काम भागवावें. नंतर राठ कुंचा केसांच्या दिशेनें ओढावा आणि शेवटीं हात. नाशिकच काय, साऱ्या हिंदुस्थानांत सईस मंडळी उघड्या तळव्यानें आणि मनगटाच्या आंतल्या बाजूनें घोड्याचें अंग जोर लावून रगडीत. त्यानें कातडींतला तेलकट अंश केसांवर पसरतो आणि नव्या केसाला चकाकी येते. ही मालीश पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनाहि तिची वाखाणणी करावीशी वाटे. तट्टूं ठेंगणें असलें म्हणजे हें काम सोपें, असें मात्र नाहीं. मोठ्या घोड्याची पाठ उभ्यानें घांसतां येते. तट्टाच्या पोटाखालचे आणि ढोपरामागचे दाट केस काढावयाचे तर माणसाला उकिडवें बसावें लागतें, आणि लाथ नेमकी त्याच उंचीवर येते.

या रगडण्यांत डोळ्याला न दिसणारें हाताला कळतें. हिंवाळी लव ही मोठी लबाड असते. तिच्याखालीं बरगड्या बुजतात, गोचिडी आणि उवा दडतात, लुतीचा पहिला चट्टा झांकला जातो. तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तो मार्गशीर्षांत, म्हणजे ऐन केसाळ दिवसांत. जाणता गिऱ्हाईक तेथें घोड्याच्या रंगाकडे पाहण्यापूर्वीं केसांत बोटें खुपसून बरगड्या मोजतो. जो पाहतच राहतो, त्याला फाल्गुनांत आपण काय विकत घेतलें तें समजतें. आणि चैत्र उलटला तरी एखाद्या म्हाताऱ्या घोड्याचे लांब केस झडलेच नाहींत, तर तें आजाराचें लक्षण होय. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींत बिघाड झाला म्हणजे असें होतें, हें आतां पशुवैद्यांना ठाऊक आहे.

महाराजांना या गोष्टींची किती बारीक जाण होती, हें मे १६७४ मधील चिपळूणकडील लष्करास पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रावरून दिसतें. राज्याभिषेक महिन्यावर आलेला. आणि तशांत छत्रपति लिहितात तें दाण्याविषयीं, गवताविषयीं आणि दिव्याविषयीं. आतांच वैरण उधळाल तर पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल. रात्रीं दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि सारी पागा जळेल, असा त्या ताकिदीचा आशय आहे. खराऱ्याचा प्रश्न या पत्रांत नाहीं. परंतु केस टाकून, आठ महिने झिजून आलेल्या जनावराची किंमत हें पत्र लिहविणाराला पुरती ठाऊक होती.

पेशवाई १८१८ मध्यें संपली, पागा मोडल्या, आणि तट्टूं लढाईंतून ओझ्याकडे व गाडीकडे वळलें. १८६५ मध्यें थळघाटांतून आगगाडी वर चढली, तेव्हां मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या वाहतुकीचाहि जोर ओसरला. नाशिकांत मात्र आगगाडीनेंच घोड्याला नवें काम दिलें. स्टेशन शहरापासून दूर. पंचवटीला आणि त्र्यंबकेश्वराला जाणारे यात्रेकरू उतरावयाचे तेथें. १८८९ मध्यें नाशिकरोड ते नाशिक अशी ट्राम सुरू झाली, ती आरंभीं घोडेच ओढीत. पुढें तिला इंजिन आलें, नंतर ती ट्रामच बंद पडली. टांगा मात्र टिकला. टांगेवाल्याची स्थिति जुन्या शिलेदारासारखीच होती. एक जनावर, त्याच्यावर सारें घर. आणि फाल्गुन-चैत्र म्हणजे त्याच्या कमाईचा महिना, कारण रामनवमीला काळारामाच्या दर्शनास आणि त्यानंतरच्या रथोत्सवास माणसांची रीघ लागे. घोडा अर्धाकच्चा केसाळ, उन्हानें लवकर दमणारा. घोडा घामानेंच अंग थंड करतो, आणि दाट केसांतून घाम सुकत नाहीं. अशा दिवसांत जो पहांटे तासभर खराऱ्याला देई, त्याचा घोडा दुपारच्या खेपेला उभा राही. ज्याला तेवढा तास परवडत नसे, त्याच्या घोड्याच्या छातीला पट्ट्याखालीं जखम होई, आणि उत्पन्नाच्या दिवसांत टांगा घरीं उभा राही.

रिक्षा आल्या, टांगे मागें पडले. भीमथडीच्या जातीला मात्र उशिरा कां होईना, सरकारी दप्तरांत स्वतंत्र नांव मिळालें. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेच्या नोंदींत ती देशी घोड्यांची वेगळी जात म्हणून २०२३-२४ मध्यें दाखल झाली. नाशिकांतले घोडे आतां बहुधा वरातींत दिसतात. लग्नाचे मुहूर्त वैशाखांत दाट. त्याआधीं जनावर चकचकीत दिसावें म्हणून कोणी यंत्रानें केस कापून टाकतात, कोणी साबणानें धुतात. कापलेल्या केसांखालून नवा केस यावयाचा तो येतोच. पण तोंवर अंग मळकट आणि चट्ट्याचट्ट्याचें दिसतें. जुने घोडेवाले अजून खरारा घेऊन बसतात, आणि झूल चढविण्यापूर्वीं एकदां उघडा तळवा पाठीवरून शेवटपर्यंत फिरवून पाहतात.